आज गुरुवार आहे: पॉइंट कुकमधलं एक टेबल आणि ‘प्युअर व्हेज’ पाटीचा इतिहास

समजा, पॉइंट कुकमध्ये गुरुवारी संध्याकाळी सात जणांना बाहेर जेवायला जायचंय. भारतातून आलेली आजी माळकरी, म्हणजे मांस-मासे-अंडं काहीच नाही. बाबा एरवी सगळं खातात, पण गुरुवार पाळतात. आई केकमधलं अंडं चालवून घेते, ऑम्लेट नाही. बहीण वर्षभरापूर्वी व्हीगन झालीये, त्यामुळे तिला पनीरही नको. मावसभावाला चिकन हवंय. तुमच्या व्हिएतनामी मैत्रिणीला काहीही चालतं, फक्त आज पौर्णिमा नाही ना एवढं ती बघते. आणि तुम्ही स्वतः फोनवर मेन्यू उघडून बसलाय, कारण हे सगळं जुळवायचं काम नेहमीप्रमाणे तुमच्याकडे आलंय. पंधरा मिनिटांच्या चर्चेनंतर कुणीतरी म्हणतंच, “एखादं प्युअर व्हेज बघ ना, म्हणजे प्रश्नच नको.”

प्रश्न नको म्हणून काढलेल्या या तोडग्यातच बरेच प्रश्न लपलेत. ‘प्युअर’ म्हणजे काय? कशापासून शुद्ध? आणि एकाच टेबलावर इतक्या तऱ्हेने खाणारी माणसं बसणं ही परदेशात आल्यावर सुरू झालेली भानगड आहे का? माझं म्हणणं असं, की नाही. ही अडचण मराठी माणसाला किमान सव्वाशे वर्षं ठाऊक आहे. बदलत गेली ती तिची उत्तरं. काही उत्तरांनी टेबल मोठं केलं, काहींनी दार बंद केलं. तुमच्या गुरुवारच्या बुकिंगआधी ही उत्तरं माहीत असलेली बरी.

एक कप चहा, १८९०

ऑक्टोबर १८९०. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. तिथे गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावलं होतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. कार्यक्रमानंतर चहा आणि बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला, काहींनी तेही केलं नाही.

हा बेत जमवण्यामागे गोपाळराव जोशी होते. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती म्हणून तुम्ही त्यांचं नाव ऐकलं असेल. त्यांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली आणि गावात भडका उडाला. ख्रिस्ती माणसाच्या घरचा चहा प्यायला म्हणजे धर्म बुडाला, अशी तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. चौकशी बसली. ज्याला त्या काळी ‘ग्रामण्य’ म्हणत, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, ते सुरू झालं. टिळकांनी आपण काशीला जाऊन प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बरंच सुनावलं.

यातली एक गोष्ट नीट बघा. त्या कपात मांस नव्हतं. चहा, दूध, साखर. वाद पदार्थाचा नव्हताच. तो कुणी केला, कुणी दिला, कुणाच्या छताखाली बसून प्यायला, याचा होता. आज आपण ‘शाकाहारी’ हा शब्द ताटात काय आहे ते सांगायला वापरतो. तेव्हाच्या वरच्या जातीतल्या माणसाला तेवढं पुरेसं नव्हतं. प्रवासाला निघताना शिदोरी बांधून न्यायची, मुक्कामी धर्मशाळेत आपल्या हाताने चूल मांडायची, हे त्यामुळेच. भाजी शाकाहारी असली तरी स्वयंपाकी ‘आपला’ हवा, ही पहिली अट होती.

मग लाखो माणसं पोटासाठी शहरात आली तेव्हा या अटीचं काय झालं?

शहराला भूक लागते

मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे आणि कचेऱ्या यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण, घाट आणि देशावरून माणसं खेचून आणली. त्यातले बहुतेक पुरुष बायकामुलांना गावी ठेवून आलेले, एका खोलीत दाटीने राहणारे. त्यांचं रोजचं जेवण म्हणजे खानावळ. महिन्याचे पैसे द्यायचे आणि दोन वेळ जेवायचं. परळ-लालबागच्या गिरणगावात ही खानावळ बहुतेकदा एखादी बाईच आपल्या खोलीत चालवायची. माणूस आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या खानावळीत जायचा. चव ओळखीची, उधारी ओळखीवर. या बायकांची मेहनत कित्येक वर्षं कुणाच्या हिशेबात नव्हती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या या कामाला धंदा म्हणून मान मिळाला.

गिरगाव आणि दादरच्या कारकुनी मध्यमवर्गाची वाट जरा वेगळी होती. दादर स्टेशनजवळ १९१० मध्ये मामा काणे यांनी उपाहारगृह सुरू केलं. त्याच्या नावातला शब्द आहे ‘स्वच्छ’. मला तो फार बोलका वाटतो. ‘शुद्ध’ हा शब्द धर्माच्या बाजूने येतो, ‘स्वच्छ’ हा आरोग्याच्या बाजूने. गिऱ्हाईक तेच, मनातली शंका बरीचशी तीच, पण दुकानाला आता तिचं उत्तर नव्या भाषेत देता येऊ लागलं: काळजी करू नका, इथली भांडी घासलेली आहेत. पुढे ‘हेल्थ होम’, ‘आरोग्य भुवन’ अशी नावं आली. गिरगावचं विनय हेल्थ होम, दादरचं तांबे आरोग्य भुवन आजही लोकांच्या तोंडी आहेत. बाहेर खाणं म्हणजे पोट आणि धर्म दोन्ही बिघडवून घेणं, असं मानणाऱ्या पिढीला आत आणायचं तर पाटीवर आरोग्य लिहावं लागलं.

मग आले उडुपी. कर्नाटकच्या किनाऱ्यावरून, मंदिरातल्या स्वयंपाकाची परंपरा घेऊन आलेली माणसं. माटुंग्याचं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. तिथे अजून केळीच्या पानावर जेवण मिळतं. कॅफे मद्रास १९४० चं. सुरुवातीच्या उडुपी खानावळींचं भांडवल हेच होतं की स्वयंपाकघरात ब्राह्मण आहे, म्हणजे कुणीही जेवलं तरी चालेल. आधी सांगितलेली ती अट, ‘स्वयंपाकी आपला हवा’, इथे मोठ्या हुशारीने सुटली: ज्याच्या हातचं सगळ्यांना चालतं, त्याला स्वयंपाकाला ठेवा.

पण धंदा वाढला तसे त्यात शेट्टी, म्हणजे बंट समाजातले लोक मोठ्या संख्येने आले. हे स्वतः मासे-कोंबडी खाणारे. पोरवयात मुंबईला येऊन टेबलं पुसायची, रात्री कन्नड नाइट स्कूलमध्ये शिकायचं, मग वेटर, मग कॅशियर, मग स्वतःचं हॉटेल, ही अनेकांची कहाणी. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं वैशाली आणि रूपाली ज्यांनी नावारूपाला आणलं ते जगन्नाथ शेट्टी याच लाटेतले. तुमच्या आई-बाबांनी कॉलेजात असताना वैशालीत एका कॉफीवर दोन तास काढले असतील, तर ते शाकाहारी जेवायला म्हणून तिथे गेले नव्हते. ते बसायला गेले होते. स्वस्त, पटकन मिळणारं, कुणालाही घेऊन जाता येईल असं ठिकाण हवं होतं आणि मेन्यू योगायोगाने शाकाहारी होता.

उडुपीने हा मोठा बदल घडवला. डोशाची जात विचारणं हळूहळू विचित्र वाटू लागलं. इतिहासकार फ्रँक कॉनलन यांनी मुंबईतल्या बाहेर खाण्यावर १९९५ मध्ये एक निबंध लिहिला, तो या विषयावर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना अजून उपयोगी पडतो. बाहेर खाण्याची जागा ही अनोळखी माणसांनी शेजारी बसायची जागा आहे, हे त्यातून लक्षात येतं. वडापावाने हेच रस्त्यावर केलं. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. बटाटा, बेसन आणि पाव. गिरणी कामगारही खातो, कॉलेजचा पोरगाही खातो, आणि तो ‘शाकाहारी पदार्थ’ आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

दाराबाहेर उभा असलेला माणूस

इथवरची गोष्ट ऐकायला छान वाटते. पण ती आत बसलेल्यांची गोष्ट आहे.

कोल्हापूरला जाऊ. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक महार समाजातले नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या रागातून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान टाकलं, नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक येईना. मग शाहू महाराज फिरायला निघाले की आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवायला लागले. स्वतः चहा घ्यायचे आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही द्यायला लावायचे. खुद्द महाराजांनी प्यायलेला चहा नाही म्हणायची सोय कुणाला?

पुण्याचा कप आणि कोल्हापूरचा कप शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे चहाच आहे. एका कपाने मोठमोठ्या माणसांना प्रायश्चित्ताच्या दारी नेलं. दुसऱ्या कपाने एका माणसाला बाजारात उभं केलं. दोन्हींत तीसेक वर्षांचं अंतर आहे.

१९५० मध्ये राज्यघटना लागू झाली. तिच्या १५ व्या अनुच्छेदात एक बारीक पण फार मोलाचा तपशील आहे: दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत उपाहारगृह हा शब्द आलाय! घटना लिहिणाऱ्यांना माहीत होतं की चहाच्या टपरीवरची वेगळी कपबशी ही छोटी गोष्ट नाही. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला आणि अशी अडवणूक गुन्हा ठरली. कायदा झाला म्हणून वेगळे कप एका रात्रीत गेले नाहीत. पण ‘फक्त अमुक जातीसाठी’ अशी पाटी लावायची सोय मात्र गेली.

मग पाटीवर काय उरलं? ‘शुद्ध शाकाहारी’. मी असं म्हणत नाही की ही पाटी लावणारा प्रत्येक जण जात लपवून विकत होता. बहुतेकांना एवढंच सांगायचं होतं की आमच्या कढईत मटण शिजत नाही, आणि आजीसारख्या गिऱ्हाइकाला तेच ऐकायचं होतं. पण ‘शुद्ध’ हा शब्द जुन्या घरातून आलेला आहे. त्याच्यासोबत थोडं जुनं सामानही आलं.

वार, माळ आणि श्रावण

आता तुमच्या टेबलावरच्या बाबांकडे येऊ. गुरुवार पाळणारे बाबा शाकाहारी की मांसाहारी?

इंग्रजीत या प्रश्नाला धड उत्तर नाही, मराठीत मात्र चटकन आहे: “ते वार पाळतात.” सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१४ मध्ये महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या सुमारे ४० टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं. म्हणजे दहातले सहा जण सामिष खातात. ‘मराठी माणूस म्हणजे वरण-भात-तूप’ हे चित्र एका छोट्या गटाचं आहे. पण त्या साठ टक्क्यांतही कितीतरी घरं सोमवार, गुरुवार, शनिवार किंवा चतुर्थी पाळतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे-मटणाचे. आषाढ संपताना गटारी आणि मग अख्खा श्रावण बंद. आपल्याकडे शाकाहार ही पुष्कळदा माणसाची ओळख नसते. ती तारखेची असते.

आणि आजीची माळ? तीही नीट समजून घ्या. वारकरी होऊन तुळशीची माळ घातली की मांसाहार सोडायचा. ही माळ घालणारे शेतकरी, कारागीर, सगळ्या जातींतले लोक शेकडो वर्षं पंढरीला चालत गेलेत. ज्या घरात बाकी सगळे कोंबडी खातात, तिथे एकटी माळकरी आजी बाजूला आपली भाकरी-पिठलं करून खाते आणि कुणाला नावं ठेवत नाही. हा शाकाहार जन्माने मिळालेला नाही, नेमाने घेतलेला आहे. पंचहौदच्या वादातला सोवळेपणा आणि आजीची माळ, दोन्हींना आपण आज ‘व्हेज’ असा एकच शब्द लावतो. दोन्हींची मुळं वेगळी आहेत.

उपवासाचं तर आणखी मजेशीर. साबुदाणा खिचडी घ्या. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. बटाटा, शेंगदाणे, मिरची, आणि सोबत रताळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. यातलं जवळजवळ सगळं अमेरिका खंडातून आलेलं, बरंचसं पोर्तुगीजांच्या गलबतांतून. आपल्या सगळ्यात सोवळ्या ताटात सगळ्यात जास्त परदेशी पाहुणे बसलेत! तेव्हा ‘परंपरेत बसत नाही’ असं कुणी फार ठासून सांगायला लागलं, तर त्याला खिचडीचा एक घास द्यावा.

या सगळ्याचा अर्थ असा, की मराठी घराला खरी गरज ‘फक्त शाकाहारी’ जागेची कधीच तेवढी नव्हती. गरज होती ती एकाच पंगतीत माळकरी आजी आणि तंगडी तोडणारा नातू दोघांना बसता येईल अशा जागेची. घरात आपण ती सोय केव्हाच करून ठेवलीये: वेगळं पातेलं, वेगळा डाव, आधी शाकाहारी पंगत. घराबाहेर मात्र पाटीने आपल्याला दोनातलं एक निवडायला लावलं.

हिरवा ठिपका आणि सहा टेबलं

२००१ मध्ये भारताने खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवा आणि तपकिरी ठिपका सक्तीचा केला. गिऱ्हाइकाला माहिती मिळावी म्हणून, आणि तशी ती मिळतेही. चीझच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत बसावी लागत नाहीत.

पण ठिपका पदार्थावर असणं वेगळं आणि माणसावर लावणं वेगळं. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत हॉस्टेलच्या खाणावळीत ‘इथे फक्त शाकाहारी बसतील’ अशी पोस्टर्स दिसली. पुढे सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखीव ठेवली गेली, काही विद्यार्थ्यांनी निषेध केला आणि त्यावरून दहा हजार रुपयांचा दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी जेवण पोचवणाऱ्यांसाठी वेगळा, हिरव्या कपड्यांतला ताफा जाहीर केला. लोकांनी विचारलं: मग लाल शर्टवाला एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी अडवला गेला तर? एका दिवसात हिरवे कपडे मागे घ्यावे लागले. हा प्रश्न हवेतून आलेला नव्हता. मुंबईत मांस खाणाऱ्यांना घर भाड्याने न देणाऱ्या सोसायट्या आहेत, हे तिथे घर शोधलेल्या कुणालाही विचारा.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मी ऐकून घेते. ज्याला मटणाच्या वासाने मळमळतं त्याचं मळमळणं खोटं नाही. पण वासाचा प्रश्न खिडकी उघडून, अंतर ठेवून, कढई वेगळी करून सुटतो. शेजारी कोण बसलंय याचा प्रश्न तसा सुटत नाही, कारण तो वासाचा नसतोच. रानड्यांच्या कपात मांस नव्हतं, आठवतंय ना?

आता मेलबर्नच्या पश्चिमेला

मेलबर्नला शाकाहार आपण आणला, असं वाटत असेल तर जरा थांबा. इथली पहिली शाकाहारी मंडळी संघटित झाली ती १८८६ मध्ये, म्हणजे पंचहौदच्या चहाच्याही आधी. १८९८ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनी मेलबर्नमध्येच सॅनिटेरियम ही कंपनी काढली. मांस नको, दारू नको, आरोग्य हवं, असा त्यांचा विचार. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या शहरांत शाकाहारी कॅफेही चालवली. तुम्ही लहानपणी दुधात बुडवून खाल्लेली वीट-बिक्स त्याच कंपनीची. गंमत बघा: शाकाहारी न्याहारी इथे १८९८ पासून तयार होती, पण १९०१ च्या कायद्याने नव्याने येऊ पाहणाऱ्या बहुतेक भारतीयांना दार बंद झालं. गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाचं ते धोरण पुरतं संपायला १९७३ उजाडलं. पुन्हा तीच गोष्ट: ताटात अडचण नव्हती, दारात होती. त्याच सत्तरच्या दशकात कार्लटनमध्ये चक्क ‘शाकाहारी’ याच नावाचं रेस्टॉरंट निघालं.

आणि पॉइंट कुक? मेलबर्नच्या मध्यापासून वीसेक किलोमीटरवर, खाडीला लागून. स्कॉटलंडहून आलेल्या चर्नसाइड बंधूंची इथे मेंढ्यांची जमीन होती. त्यांचं १८५७ चं घर अजून उभं आहे. १९१४ मध्ये इथून ऑस्ट्रेलियाची लष्करी विमानं उडायला लागली. घरांची गर्दी झाली ती गेल्या पंचवीस वर्षांत. २०२१ च्या जनगणनेत वस्ती ६६ हजारांवर गेली होती, आणि त्यात भारतात जन्मलेल्यांचा वाटा मोठा.

टाउन सेंटरमध्ये मेन स्ट्रीट जिथे मर्नाँग स्ट्रीटला मिळते तिथे तुम्ही शेकडो वेळा गाडी लावली असेल. मर्नाँग हे एका कंदाचं नाव आहे. पिवळ्या फुलाच्या छोट्या झाडाचा हा गोडसर कंद. या पठारावरच्या कुलिन लोकांच्या बायका काठ्यांनी जमीन उकरून तो काढायच्या आणि भाजून खायच्या. ते त्यांचं रोजचं अन्न होतं. १८३० च्या दशकात मेंढ्या आल्या, त्यांनी मर्नाँग मुळापासून खाऊन टाकलं आणि माणसं उपाशी पडली. आपण ज्या कोपऱ्यावर ‘इथे व्हेज काय मिळेल’ म्हणून विचारतो, त्या कोपऱ्याचं नाव तिथून नाहीशा झालेल्या एका कंदाचं आहे.

आता जेवणाकडे. इंडियन रेस्टॉरंटबाहेर पडायला घाबरू नका. तुमच्याच पश्चिम भागात तुमच्या बाबांसारखे वार पाळणारे पुष्कळ लोक राहतात. फुट्सक्रेच्या इथिओपियन हॉटेलात ‘बेयाइनेतू’ मागवा. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी प्राण्यापासून आलेलं काहीच खात नाहीत, दूध-तूपसुद्धा नाही. म्हणून त्या हॉटेलांत मसूर, वाटाणा, कोबी, पालेभाज्या यांचं मोठं ताट आंबोळीसारख्या इंजेरावर वाढलेलं मिळतं. व्हीगन बहिणीचा प्रश्न तिथे सुटतो. आपले मासे-मटणाचे वार हे त्यांचे नेमाचे वार, एवढाच फरक.

व्हिएतनामी हॉटेलात ‘चाय’ हा शब्द सांगा. आपला चहा नव्हे; त्यांच्याकडे तो नेमाचा शाकाहार. बौद्ध घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येनंतर आणि पौर्णिमेला, चाय पाळतात. नेमाने चाय पाळणारे काही जण तर कांदा-लसूणही वर्ज्य करतात. आजीला हे सांगून बघा, ती चातुर्मास आठवून लगेच नातं जोडेल. तुमची मैत्रीण पौर्णिमा का बघते, ते आता कळलं असेल.

विचारायचं कसं, तेही सांगते. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची इथल्या अन्नकायद्यात व्याख्या नाही. पण ॲलर्जीच्या गोष्टींचे नियम कडक आहेत: मासे, कोळंबी-खेकडे, शिंपल्यांचे प्रकार, दूध, अंडं, गहू, तीळ, दाणे यांची माहिती विचारल्यावर द्यावीच लागते. म्हणून “हे व्हेज आहे का?” एवढंच विचारू नका. “यात फिश सॉस आहे का? ऑयस्टर सॉस?” असं विचारा, उत्तर बहुधा पक्कं मिळेल. सावध राहायचं ते ॲलर्जीच्या यादीत नसलेल्या गोष्टींबद्दल: भोपळ्याच्या सूपमधला चिकन स्टॉक, पार्मेझान चीझमधलं वासराच्या जठरातलं रेनेट, पन्ना कोटातलं जिलेटिन, आणि चिप्स कुठल्या तेलात तळल्या ते. हे वेगळं, नाव घेऊन विचारावं लागतं. आणि आजीला नेमकं काय चालत नाही, ते आधी आजीला विचारा. आपण तिच्या वतीने उगाच जास्त कडक असतो.

तर गुरुवारचं टेबल कुठे बुक करायचं? प्युअर व्हेज ठिकाणी गेलात तर काही बिघडत नाही. तिथला डोसा झकास असेल तर जरूर जा. फक्त तो मावसभावाला धडा शिकवायला नको. आणि मिश्र ठिकाणी गेलात तर आजीच्या ताटाची नीट चौकशी करणं ही कटकट समजू नका. कढई वेगळी आणि टेबल एक, हे मराठी घरांनी फार पूर्वीच जमवलेलं आहे.

एक काम मात्र करा. आजीला, आजोबांना विचारा: तुम्ही पहिल्यांदा हॉटेलात कधी गेलात? कोण सोबत होतं, काय खाल्लं, घरी सांगितलंत की लपवलंत? काही आजोबा इराण्याकडच्या चोरून खाल्लेल्या ऑम्लेटबद्दल बोलतील. काही जण सांगतील की कोणत्या हॉटेलात त्यांना वेगळ्या कपात चहा मिळाला, किंवा मिळालाच नाही. ही उत्तरं कुठल्याच दप्तरखान्यात सापडत नाहीत आणि ती सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायला दोन सेकंद लागतात. जेवण यायला पॉइंट कुकमध्ये शनिवारी अर्धा तास लागतोच, गुरुवारी थोडा कमी. तेवढा वेळ पुरेल.